खूण पटते तेव्हा

मराठीत खूण नुसती करून भागत नाही, ती पटावी लागते. अशोकवनात हनुमंताने रामाची अंगठी पुढे केली आणि सीतेला खूण पटली, असे आपण म्हणतो. अंगठी हातात आली तेव्हा ती केवळ वस्तू होती. तिच्यामागे कोणाचा हात आहे हे ओळखले गेले तेव्हा ती खूण झाली. खूण करणारा, खूण पाहणारा आणि दोघांनाही ठाऊक असलेली एखादी गोष्ट अशी तिघांची गाठ बसल्याशिवाय हा शब्द पुरा होत नाही. आज वेबवरच्या नकाशांत रोज असंख्य खुणा रोवल्या जातात. दवाखाना, बसथांबा, विहीर, अपघाताची जागा, विकाऊ घर, प्रत्येकाच्या डोक्यावर थेंबाच्या आकाराची एक पिन उभी असते. या पिना केलेल्या असतात, पण पटवून घेतलेल्या क्वचितच असतात. जागेच्या खुणांचा गेल्या हजार वर्षांचा इतिहास तपासला तर एक गोष्ट सतत दिसते: खूण रोवणे जसजसे स्वस्त होत गेले, तसतशी तिच्यामागची साक्ष सुटत गेली. ही साक्ष पिनेला पुन्हा जोडता येते, तिची साधने हाताशी आहेत, आणि ती जोडणे हे नकाशा घडवणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे मला या लेखात मांडायचे आहे.

सुरुवात दगडापासून करावी लागते. कोकणात शिलाहारांच्या काळातले आणि घाटावर यादवांच्या काळातले दानाचे दगड आजही ठिकठिकाणी उभे आहेत; त्यांना गधेगाळ म्हणतात. वरच्या भागात चंद्र आणि सूर्य, मधे लेख आणि खाली शापाचे चित्र अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. चंद्रसूर्य म्हणजे दान किती काळ टिकायचे याची मुदत. लेख म्हणजे कोणी, कोणाला, काय दिले याची नोंद. आणि खालचे अभद्र चित्र म्हणजे दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून दिलेली शिवी. आजच्या डोळ्यांना ते चित्र असभ्य वाटते, आणि ते तसे आहेच. पण खुणेच्या दृष्टीने पाहिले तर त्या एका दगडात चार गोष्टी एकत्र आल्या आहेत: जागा, करणारा, मुदत आणि उल्लंघनाची शिक्षा. दानाच्या ताम्रपटांत जमिनीची चतुःसीमा सांगण्याची रीतही जुनी आहे. पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याचे शेत, पश्चिमेला गावाची वाट, उत्तरेला टेकडी. यात आकडा एकही नाही, पण शेजारचा प्रत्येक जण आपोआप साक्षीदार होतो. आपल्याकडच्या खरेदीखतांत चतुःसीमेचा परिच्छेद आजही लिहिला जातो. गट नंबर आला, मोजणी झाली, नकाशा जोडला गेला, तरी 'पूर्वेस', 'पश्चिमेस' हे शब्द गेले नाहीत. आकड्याने जागा कळते, पण ती जागा शेजाऱ्याला मान्य आहे का हे आकडा सांगत नाही, ही जाणीव त्या परिच्छेदात शिल्लक आहे.

मराठेशाहीत शिवेचा वाद उभा राहिला की तो गोतसभेपुढे जाई. वतनदार जमत, जुने कागद निघत, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर उपस्थितांच्या सह्या आणि नांगर, तराजू, कट्यार अशी ज्याच्या त्याच्या कामाची निशाणी उमटे. कागद पुरेनात तेव्हा दिव्य करण्याची वेळ येई. शीव कुठून जाते हे सांगण्याचा मान बहुतेक गावांत वतनदार महाराचा असे, कारण पिढ्यान्‌पिढ्या शिवेवर गस्त घालणारा तोच असे. त्याने चालून दाखवलेली रेघ गाव मानत असे. त्याच्या शब्दाला शिवेवर एवढे वजन होते आणि त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर होते. ही विसंगती विसरून जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाता येणार नाहीत, आणि तिच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. इथे नोंदवायचे ते एवढेच, की तेव्हाची खूण ही माणसाच्या स्मरणावर आणि चार लोकांच्या समक्ष बोललेल्या शब्दावर उभी होती. दगडाला शेंदूर लागे तो यासाठीच, की तो हलवणाऱ्याचा हात आधी थरथरावा.

इंग्रजी अमलात स्मरणाची जागा साखळीने घेतली. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ नंतर दख्खनच्या जमिनींची मोजणी केली ती फसली, कारण तिच्यातले हिशेब अतिशय किचकट होते आणि खालच्या पातळीवरची मोजणी भरवशाची नव्हती. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली, आणि पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीला कायमचे रूप दिले. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला हद्दीच्या खुणा, आणि गावाचा एक नकाशा. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि रुपयासारखे तिचे सोळा आणे पाडलेले होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जमीन, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आज गुंठ्याचा भाव विचारणाऱ्या माणसाच्या तोंडी नकळत त्या साखळीचे माप असते. या पद्धतीने शपथेऐवजी कायदा आणला. १८७९ चा मुंबईचा जमीन महसुलाचा कायदा आणि त्यानंतरचा १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, दोन्हींत हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे आणि खूण नष्ट करणाऱ्याला दंड आहे. शापाची जागा दंडाने घेतली, पण तत्त्व तेच राहिले: खुणेला धनी असतो, आणि खुणेला हात लावणारा जाब द्यायला बांधील असतो.

याच काळात देशभर दुसऱ्या एका प्रकारची खूण कोरली जात होती, आणि आजच्या पिनेची खरी पूर्वज तीच आहे. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी साडेसात मैलांची आधाररेषा मोजायला घेतली. तिच्यावरून त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे येत असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला तो वारला, आणि त्याची कबर तिथेच आहे. या सर्वेक्षणाच्या प्रत्येक ठाण्यावर खडकात किंवा पुरलेल्या दगडावर एक लहान वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक टिंब कोरलेले असे. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा थिओडोलाइट त्या टिंबावर ओळंब्याने नेमका आणून उभा करायचा, आणि मग क्षितिजावरच्या दुसऱ्या ठाण्याकडे कोन घ्यायचा. जिथे मनोरा बांधावा लागे तिथे खालचे आणि वरचे टिंब एकाच उभ्या रेषेत राहील अशी काळजी घेत, म्हणजे वरचा दगड गेला तरी खालच्यावरून जागा पुन्हा सापडे. नंतर या खुणा स्थानिक अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या जात.

त्या टिंबामागे राजाची मुद्रा नव्हती की गावाची शपथ नव्हती. त्याची साक्ष होती वहीतली निरीक्षणे आणि मोजून सांगितलेली चूक. त्रिकोणांची साखळी दूरवर पोचली की तिथे पुन्हा एक आधाररेषा जमिनीवर मोजायची, गणिताने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी शेजारी ठेवायची, आणि दोहोंतला फरक लपवायचा नाही, तो छापायचा. जागेच्या खुणेने आपल्या तोंडाने 'माझ्यात इतकी चूक असू शकते' असे सांगावे, ही या सर्वेक्षणाची फार मोठी देणगी आहे. आणखी एक गोष्ट त्यातून आली. कोणत्याही अक्षांश-रेखांशाला अर्थ येतो तो पृथ्वीचा कोणता आकार गृहीत धरला आहे त्यावरून. जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये भारतासाठी जे लंबवर्तुळ ठरवले, त्यावर आपले जुने नकाशे बेतलेले आहेत. उपग्रहांवरून जागा सांगणारी आजची यंत्रणा १९८४ च्या जागतिक प्रमाणावर चालते. एकच आकडे दोन्ही पद्धतींत वाचले तर मुंबईच्या परिसरात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. म्हणजे जुन्या नकाशावरून उतरवून घेतलेली विहीर नव्या नकाशात शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडते, आणि आकड्याला हात तर कोणीच लावलेला नसतो.

आता वेबकडे येऊ. सिडनीतल्या वेअर टू टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीत लार्स आणि जेन्स रासमुसेन हे डॅनिश भाऊ आणि त्यांचे दोन सहकारी नकाशावर काम करत होते. गूगलने ती कंपनी २००४ मध्ये घेतली आणि ८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगल मॅप्स लोकांसमोर आले. थेंबाच्या आकाराची पिन जेन्स रासमुसेनने घडवली. तिच्यामागचा विचार साधा आणि सुरेख आहे. नकाशावर गोल ठिपका किंवा चांदणी ठेवली तर जी जागा दाखवायची तीच झाकली जाते. पिनेचे डोके वर राहते, नजरेत भरते, आणि टोक मात्र जागेला नुसते टेकते. खालचा रस्ता, कोपरा, नाव सगळे उघडे राहते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ही पिन आपल्या संग्रहात घेतली, ती योग्यच. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॉल रेडमाकर या प्रोग्रामरने भाड्याच्या घरांच्या जाहिराती आणि गूगलचा नकाशा यांची सांगड घातली. नकाशाचा कोड आतून उलगडून त्याने हे परवानगीशिवायच केले होते. जूनमध्ये गूगलने अधिकृत दार उघडले, आणि कोणालाही आपल्या पानावर नकाशा ठेवून त्यावर मार्कर लावता येऊ लागला. त्यानंतर २००६ मध्ये ओपनलेयर्स आणि २०११ मध्ये कीव्हच्या व्लादिमिर अगाफोन्किनने लिहिलेले लीफलेट या नकाशे दाखवण्याच्या कोड-लायब्ररी आल्या. एका टिंबासाठी ज्या कामाला लॅम्बटनला दिवसचे दिवस लागत, ते काम लीफलेटमध्ये एका ओळीत होते: मार्कर हा शब्द, कंसात दोन आकडे, आणि 'नकाशात टाक' एवढी आज्ञा.

ही एक ओळ जवळून पाहण्यासारखी आहे. लीफलेटच्या नेहमीच्या पिनेचे चित्र २५ पिक्सेल रुंद आणि ४१ पिक्सेल उंच असते. चित्राचा कोणता बिंदू जागेवर टेकवायचा हे वेगळे सांगावे लागते. नेहमीच्या पिनेसाठी तो डावीकडून १२ आणि वरून ४१ पिक्सेलवर, म्हणजे तळाच्या टोकाशी ठरवलेला आहे. एखाद्याने आपल्या संस्थेच्या चिन्हाची नवी पिन काढली, तिचे माप दिले आणि हा टेकण्याचा बिंदू सांगायचा राहिला, तर लायब्ररी चित्राचा मध्य जागेवर ठेवते आणि टोक वीसेक पिक्सेल खाली लोंबत राहते. पुण्यात अठराव्या झूमवर ही चूक अकरा-बारा मीटरची असते, म्हणजे दाखवायचे असते रस्त्याच्या या बाजूचे दुकान आणि टोक जाते पलीकडच्या फुटपाथवर. झूम दहावर आणला की तीच चूक जवळजवळ तीन किलोमीटरची होते, आणि नकाशा लहानमोठा करताना पिन जागेवरून सरकल्यासारखी दिसते. आकड्यांचा क्रमही असाच दगा देतो. लीफलेट आधी अक्षांश आणि मग रेखांश मागते. नकाशाची माहिती ठेवण्याच्या जिओजेसन या प्रमाणात आधी रेखांश आणि मग अक्षांश असतो. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ हे आकडे उलटे वाचले तर पिन नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेला पडते. एवढी मोठी चूक लगेच डोळ्यांत भरते, म्हणून ती सुधारली जाते. घात करते ती अकरा मीटरची चूक, कारण ती खरी वाटते.

पण कोडमधली चूक दुरुस्त होते. खोलवरचा प्रश्न आहे तो आकडे आले कुठून याचा. वेबवरच्या बहुतेक पिना कोणी जागेवर उभे राहून रोवलेल्या नसतात. लिहिलेल्या पत्त्यावरून यंत्राने त्या काढलेल्या असतात. मराठी पत्ता चतुःसीमेचाच वंशज आहे: मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीसमोर, जुन्या चावडीजवळ. यंत्राला देऊळ सापडत नाही, गल्ली सापडत नाही, तेव्हा ते मागे मागे सरत शेवटी पिन कोडपाशी थांबते. हा सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृतचे कवीही होते. वेलणकरांच्या योजनेत हा आकडा टपाल वाटणाऱ्या कचेरीचा होता. त्या कचेरीच्या पुढचे घर पोस्टमनच्या ओळखीवर सापडायचे. यंत्र त्या कचेरीच्या सगळ्या मुलखाचा मध्यबिंदू काढते आणि तिथे पिन उभी करते. पत्त्यावरून जागा काढून देणाऱ्या मोठ्या सेवा उत्तराबरोबर त्याची जातही कळवतात: नेमके छत सापडले, दोन घरांमधला अंदाज आहे, रस्त्याचा मध्य आहे, की नुसता ढोबळ भाग आहे. प्रोग्रामर त्यातले दोन आकडे उचलतो आणि बाकीचे टाकून देतो. मग छतावरची पिन आणि ढोबळ भागाची पिन नकाशावर सारख्याच रंगाची, सारख्याच टोकाची, सारख्याच ठामपणे उभी राहते.

या ठामपणाची किंमत कोण मोजतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात घडले. इंटरनेटच्या पत्त्यांवरून वापरणाऱ्याची जागा सांगणाऱ्या एका कंपनीला, 'हा माणूस अमेरिकेत आहे, याहून जास्त माहीत नाही' असे उत्तर द्यायचे होते. देशाचा भौगोलिक मध्य घेऊन, आकडे सुटसुटीत व्हावेत म्हणून, तिने ३८ अंश उत्तर आणि ९७ अंश पश्चिम ही जागा धरली. साठ कोटींहून जास्त इंटरनेट पत्ते त्या एका बिंदूवर जमा झाले. त्या बिंदूपाशी एक शेत होते. जवळजवळ दहा वर्षे तिथल्या लोकांच्या दारात पोलीस, करखात्याचे अधिकारी आणि फसवले गेलेले संतापलेले अनोळखी लोक येत राहिले, आणि असे का होते हे घरातल्या कोणालाच कळत नव्हते. २०१६ मध्ये एका पत्रकाराने हा गुंता उलगडला, तेव्हा कंपनीने तो बिंदू एका तळ्याच्या मध्यावर हलवला. या प्रकरणात यंत्र खोटे बोलले नव्हते. 'देशभरात कुठेही' हे उत्तर त्याने दिले होते. फक्त ते सांगायला त्याच्याकडे टोक असलेली पिन होती, आणि टोकाला एकच जागा दाखवता येते. न कळलेल्या गोष्टीला कळल्याचे रूप देण्याचे हे सामर्थ्य गधेगाळाच्या दगडात नव्हते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळे अपुऱ्या माहितीचे दोष आहेत. उपग्रहांनी ते संपवले, किंवा लवकरच संपवतील. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापरासाठी मुद्दाम ठेवलेली ढिलाई काढून टाकली आणि खिशातल्या यंत्राची चूक शंभर मीटरच्या आसपास होती ती काही मीटरांवर आली. मोजमाप इतके चोख असताना साक्षीची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. उपग्रह सांगतो ती यंत्राची जागा. दवाखान्याचे दार कुठे आहे, बांध कोणाचा आहे, हे तो सांगत नाही. पिनेशी जोडलेले नाव माणसानेच लिहिलेले असते. शिवाय चोख आकडाही एका क्षणापुरताच चोख असतो. भारताचा भूखंड वर्षाला पाचेक सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. २००५ साली घेतलेले आकडे आज एक मीटरभर मागे पडले आहेत. अक्षांशाचा पाचवा दशांश सुमारे एक मीटरचा असतो. तो लिहिणाऱ्याने तारीख लिहिली नाही, तर त्या पाचव्या आकड्याला अर्थच उरत नाही. म्हणजे मोजणी जितकी बारीक, तितकी 'कधी' आणि 'कोणत्या प्रमाणावर' या साक्षीची गरज जास्त.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुनी साक्ष न्यायाची होती का? ज्याच्या हाती वतन त्याची शीव, ज्याच्या हाती लेखणी त्याचा महजर. आणि ज्याच्या पावलांनी शीव ठरे त्याला गावात जागा नाही. लॅम्बटनची टिंबेही सत्तेच्या सोयीसाठी कोरली गेली. वेबवरच्या पिनेने पहिल्यांदाच नकाशावर खूण करण्याचा हक्क कोणालाही दिला. मग साक्ष मागणे म्हणजे तो हक्क पुन्हा मोठ्यांच्या हाती देणे नव्हे का? हे मला मान्य आहे, की खूण करण्याचा हक्क सर्वांना मिळणे हे या इतिहासातले मोठे पाऊल आहे, आणि त्यापासून मागे फिरता कामा नये. पण हक्क आणि साक्ष यांचे वैर नाही, हे त्याच वेबवर सिद्ध झाले आहे. स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणीही बिंदू टाकू शकतो, आणि प्रत्येक बिंदूबरोबर तो कोणी टाकला, कधी टाकला, ही त्याची कितवी आवृत्ती आहे आणि कोणत्या बदलांच्या गठ्ठ्यात तो आला, हे कायम नोंदले जाते. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत पोर्त-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदतकर्त्यांनी ते वापरले. लेखणी सर्वांच्या हाती होती आणि प्रत्येक रेघेखाली सही होती. जुन्या गोतसभेत सही करण्याचा मान वतनाने मिळे. इथे तो काम केल्याने मिळतो. सहीची जागा मात्र रिकामी राहिलेली नाही.

तिसरा आक्षेप वापरणाऱ्याच्या बाजूने आहे. लोकांना रस्ता हवा असतो. चुकीची मर्यादा, तारीख, उगम यांचा पसारा त्यांच्यापुढे मांडला तर नकाशा वाचताच येणार नाही. याला उत्तर लोकांच्याच हातात आहे. फोनवर आपली जागा निळ्या ठिपक्याने दिसते आणि तिच्याभोवती फिकट निळे वर्तुळ असते. इमारतीत शिरलो की ते वर्तुळ पसरते, उघड्यावर आलो की आवळते. हे कोणी शिकवावे लागले नाही. रिक्षावालाही वर्तुळ मोठे दिसले की दोन मिनिटे थांबतो. ब्राउझरने जागा सांगण्याचे जे वेब-प्रमाण आहे, त्यात अक्षांश-रेखांशाबरोबर अचूकतेचा आकडा मीटरमध्ये देणे बंधनकारक आहे. म्हणजे शंका यंत्राकडून आपल्या हातात येते, आणि मार्करच्या त्या एका ओळीत ती गळून पडते. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहून तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढणे लीफलेटमध्ये तितकेच सोपे आहे. पत्ता ढोबळ असेल तर टोकाच्या पिनेऐवजी सगळा भाग हलक्या रंगाने भरता येतो. पिनेवर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या चौकटीत जागेच्या नावाखाली 'कोणी नोंदवले, केव्हा' ही बारीक ओळ बसते. यातले काहीही नकाशा अवघड करत नाही. कॅन्ससच्या त्या शेतावर टोकाऐवजी देशभर पसरलेले वर्तुळ दिसले असते, तर एकही गाडी तिकडे वळली नसती.

साक्ष आणि मोजमाप एकत्र नांदू शकतात, याचा सर्वांत बोलका दाखला सध्या आपल्या खेड्यांतच दिसतो. इंग्रजी मोजणीने शेतांना नंबर दिले, पण गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता म्हणून गावठाणाच्या आत ती शिरली नाही. घराच्या जागेला कागद नाही, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत या गावठाणांची ड्रोनने मोजणी केली जाते आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ड्रोनचे चित्र काही सेंटिमीटरपर्यंत चोख असते. तरी ड्रोन उडण्याआधी एक काम जमिनीवर करावे लागते: घरमालक आणि शेजारी यांच्या समक्ष प्रत्येक मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारली जाते. आकाशातून भिंत दिसते, पडवी दिसते, उकिरडा दिसतो; हद्द दिसत नाही. ती दोन घरांच्या माणसांनी एकमेकांसमोर उभे राहून मान्य करावी लागते, तेव्हाच कॅमेऱ्याला टिपण्यासारखी पांढरी रेघ तयार होते. तिथे हरकत घ्यायची तर रेघ ताजी असतानाच घेता येते, आणि बाईमाणसांनाही घेता येते, कारण सगळे दारातच घडते. पुढच्या पावसात तो चुना वाहून जातो. चित्रात मात्र तो राहतो, आणि रेघ मारताना कोण उभे होते हे गावाला माहीत असते. वेबच्या नकाशात पिन टाकणाऱ्याने आपल्या त्या एका ओळीआधी एवढीच फक्की मारावी: कोण सांगतो आहे, केव्हा सांगतो आहे, आणि किती मीटरच्या आत सांगतो आहे. मग त्या पिनेला कोणी हरकत घेऊ शकेल, आणि हरकत कोणी घेतली नाही तर खूण पटली असे म्हणता येईल.